अवशेष तेलाचं हायड्रोजनेशन: करवंटीचा कार्बन ॲल्युमिनापुढे का हरला?

सागरगोटा

नमस्कार मंडळी. मी मुंबईत एम.टेक. करतेय, दुसरं वर्ष. प्रकल्पाचा विषय आहे व्हॅक्यूम रेसिड्यूचं हायड्रोजनेशन करणाऱ्या, म्हणजे दाबाखाली हायड्रोजन देऊन त्यातलं गंधक आणि धातू काढणाऱ्या कॅटॅलिस्टसाठी वेगवेगळ्या सपोर्टची तुलना. सपोर्ट म्हणजे ज्याच्या अंगावर निकेल-मॉलिब्डेनम बसवतात तो सच्छिद्र वाहक. रेसिड्यू म्हणजे क्रूडमधून पेट्रोल, डिझेल, गॅस ऑइल सगळं काढून झाल्यावर टॉवरच्या तळाशी राहतं ते. आमचा नमुना खोलीच्या तापमानाला दगडासारखा होतो. बीकरमध्ये ओतायचा तर आधी तासभर ओव्हनमध्ये ठेवावा लागतो.

नमुन्यात गंधक ४.९ टक्के, हेप्टेनमध्ये न विरघळणारे ॲस्फाल्टीन (तेलातले सगळ्यात जड, डांबरी रेणू) ९ टक्के, व्हॅनेडियम ११० पीपीएम (दहा लाखांत ११० भाग) आणि निकेल ३६ पीपीएम.

तीन सपोर्ट घेतले. पहिला गॅमा ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड), पृष्ठफळ १९० चौरस मीटर प्रति ग्रॅम, छिद्रांचं आकारमान ०.६२ मिली प्रति ग्रॅम. दुसरा तोच ॲल्युमिना, पण वर टिटानियाचा (टायटॅनियम डायऑक्साइडचा) थर चढवलेला: १२० चौरस मीटर, ०.३८ मिली. तिसरा नारळाच्या करवंटीचा ॲक्टिव्हेटेड कार्बन: ९५० चौरस मीटर, ०.५० मिली. माझं गाव गुहागरजवळ आहे, करवंट्यांचे ढीग बघत मोठी झाले. त्यामुळे हा तिसरा सपोर्ट मी स्वतः हट्टाने प्रकल्पात घातला. तिन्हींवर १२ टक्के मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड आणि ३ टक्के निकेल ऑक्साइड.

ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात) २०० ग्रॅम तेल, १० ग्रॅम सल्फाइड केलेला (धातूंच्या ऑक्साइडचं सल्फाइड करून कामाला तयार केलेला) कॅटॅलिस्ट, थंड असताना ७० बार हायड्रोजन, मग ४०० अंशांवर ४ तास. धातू निघाले ते असे: ॲल्युमिना ५२ टक्के, टिटानिया-ॲल्युमिना ४७ टक्के, कार्बन ३१ टक्के. गंधक अनुक्रमे ४६, ५० आणि २८ टक्के.

वाचलं होतं की कार्बनचा पृष्ठभाग उदासीन असतो, त्यावर कोक (तेलातून बसणारा कोळशासारखा थर) कमी बसतो, शिवाय मॉलिब्डेनमचं सल्फाइड चांगलं होतं. पृष्ठफळ तर ॲल्युमिनाच्या पाचपट. मग तो सगळ्यात मागे का? दोनदा करून पाहिलं, आकडे फार हलले नाहीत. मार्गदर्शक म्हणतात, लिहून टाक की ॲल्युमिना श्रेष्ठ. मला ते पटत नाहीये, पण उत्तरही सापडत नाहीये.

फहाहीलचा_मराठी

सागरगोटा, ‘ॲल्युमिना श्रेष्ठ’ असं लिहू नका. तुमचे आकडे तसं सांगतच नाहीत.

मी बावीस वर्षं कुवेतमध्ये रेसिड्यूचे कॅटॅलिस्ट तपासण्याचं काम केलं. राहायला फहाहीलला होतो, आता चिपळूणला असतो. कुवेतसारख्या देशात या विषयाला फार वजन आहे. तिथल्या क्रूडचं अवशेष तेल गंधकाने भरलेलं, साधारण ४ टक्क्यांच्या वर. १९६८ साली शुऐबाची रिफायनरी सुरू झाली तीच मुळी हायड्रोजनवर उभी होती. पुढे मीना अल् अहमदीला अवशेष तेलातलं गंधक काढणारी मोठाली युनिटं आली, आणि आता अल् झूरला. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली, तेव्हापासून तर या तळाच्या तेलाला कुणी तळाचं समजत नाही.

आता तुमचा कार्बन. कागद घ्या आणि सरासरी छिद्र किती रुंद आहे ते काढा. छिद्र नळीसारखं धरलं तर व्यास म्हणजे आकारमानाची चौपट भागिले पृष्ठफळ. ॲल्युमिना: सुमारे १३ नॅनोमीटर. टिटानियावाला: १२.७. करवंटी: २.१. आणि ही २.१ नुसती सरासरी. करवंटीच्या कोळशातली बहुतेक छिद्रं २ नॅनोमीटरच्या खालची असतात. पाण्यातला क्लोरीन किंवा हवेतली सॉल्व्हंटची वाफ धरायला ती उत्तम. पण ॲस्फाल्टीनचे रेणू एकमेकांना चिकटून जे पुंजके करतात, ते काही नॅनोमीटरचे असतात. तुमच्या ९५० चौरस मीटरपैकी बहुतेक भाग त्या पुंजक्याने कधी पाहिलाच नाही. तुम्ही दाराबाहेरच्या ओसरीवरचं काम मोजलंत आणि ते ३१ टक्के आलं. मला तर तेही कमी वाटत नाही.

छिद्र पुंजक्याहून थोडं मोठं असलं की झालं, असंही नाही. रेणू छिद्राच्या भिंतींना घासत जातो. एक ढोबळ सूत्र आम्ही नेहमी वापरायचो: रेणूचा व्यास भागिले छिद्राचा व्यास, ते एकातून वजा करा आणि चौथा घात घ्या. मोकळ्या तेलातल्या वेगाचा एवढा हिस्सा आत शिल्लक राहतो. ५ नॅनोमीटरचा पुंजका १० नॅनोमीटरच्या छिद्रात गेला तर वेग ६ टक्क्यांवर येतो. २० नॅनोमीटरच्या छिद्रात ३२ टक्के. छिद्र दुप्पट, वेग पाचपट. पण छिद्र दुप्पट केलं की, आकारमान तेवढंच राहिलं तर, पृष्ठफळ निम्मं होतं. सपोर्ट बनवणाऱ्याचं सगळं आयुष्य या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत जातं.

म्हणून धातू काढणारा कॅटॅलिस्ट आणि गंधक काढणारा कॅटॅलिस्ट वेगळे करतात. तेल आधी जिथे शिरतं त्या रिअॅक्टरमध्ये धातू काढणारा, रुंद छिद्रांचा, कमी मॉलिब्डेनमचा. नंतरच्यात गंधक काढणारा, अरुंद छिद्रांचा, जास्त पृष्ठफळाचा. दोन्हीकडे ॲल्युमिनाच, पण नावापलीकडे त्यांच्यात फारसं साम्य नाही. ॲल्युमिनाची खरी ताकद हीच आहे की त्याला हवं तसं घडवता येतं. बोहमाइटचा (ज्यापासून ॲल्युमिना भाजून करतात त्या द्रव्याचा) लगदा मळताना आम्ल किती घातलं, सोऱ्यातून शेव पाडावी तसा तो डायमधून दाबताना पाणी किती होतं, भट्टी ५५० अंशांवर ठेवली की ८५० वर, या प्रत्येक गोष्टीने छिद्र बदलतं. एका प्रकारच्या ॲल्युमिनात सुयांसारखे स्फटिक केंद्रातून चहूबाजूंना फुटलेले असतात, अगदी कदंबाच्या फुलासारखे. त्या सुयांमधल्या फटी तोंडाशी रुंद आणि आत निमुळत्या. धातू साठवायला असं फूल फार चांगलं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी एवढं लिहितोय. तुमच्या ऑटोक्लेव्हमध्ये २०० ग्रॅम तेलात मिळून २९ मिलिग्रॅम धातू होते. ॲल्युमिनाने त्यातले १५ मिलिग्रॅम घेतले. १० ग्रॅम कॅटॅलिस्टवर ०.१५ टक्के. आता प्रत्यक्ष रिअॅक्टर बघा. समजा ९० पीपीएम धातूंचं तेल आहे, दर तासाला कॅटॅलिस्टच्या आकारमानाच्या ०.३ पट जातंय, वर्षाचे ८००० तास, ७० टक्के धातू पकडले जातात, आणि कॅटॅलिस्ट भरल्यावर घनता ०.६. हिशेब केलात तर वर्षाअखेर १०० ग्रॅम कॅटॅलिस्टवर २४ ग्रॅम धातू बसलेला असतो. तो सल्फाइड होऊन बसतो, म्हणजे ४० ग्रॅमच्या वर. शिवाय कोक. तुमच्या प्रयोगाच्या दीडशेपट. तुम्ही कॅटॅलिस्टच्या आयुष्याचे पहिले काही तास पाहिलेत. रेसिड्यूच्या कामात कॅटॅलिस्ट हे भांडंसुद्धा आहे. ते कसं भरत जातं आणि भरताना किती दिवस काम देतं, यावर सपोर्टची पारख होते.

एक अनुभव सांगतो. आमच्याकडे १०० मिलीचे चार रिअॅक्टर शेजारी शेजारी होते. दोन कॅटॅलिस्ट तुलनेला आले, दोन्ही ॲल्युमिनावरचे. एकाची छिद्रं ९ नॅनोमीटरच्या आसपास, दुसऱ्याची १७. तेलातून ठराविक गंधक निघालंच पाहिजे, आणि त्यासाठी लागेल तसं तापमान वाढवत न्यायचं, अशी पद्धत. अरुंदवाला ३७० अंशांवर काम देऊ लागला, रुंदवाल्याला ३७८ लागले. तीन आठवडे झाले, अंतर तेवढंच. वरून घाई होती. मीच अहवाल लिहिला: पहिला ८ अंशांनी सरस. माल मागवला गेला. रिअॅक्टर मात्र मी बंद केले नव्हते. दहाव्या आठवड्यात दोन्ही रेषांनी एकमेकींना छेद दिला. चौथ्या महिन्याच्या शेवटी अरुंदवाला ३९८ वर होता, रुंदवाला ३९० वर.

नंतर दोन्हींचे दाणे टोल्युइन या द्रावकाने धुऊन, मधोमध कापून मायक्रोप्रोबखाली (दाण्यात कुठे कोणता धातू आहे ते दाखवणाऱ्या यंत्राखाली) ठेवले. अरुंदवाल्यात व्हॅनेडियम दाण्याच्या कडेच्या दहाव्या हिश्श्यात गच्च बसलेलं आणि आत जवळजवळ काही नाही. निकेल त्याच्यापेक्षा थोडं आत पोचलं होतं, ते नेहमीच पोचतं. दाण्याचा गाभा चार महिने नुसता बसून होता. त्या ४० ग्रॅम सल्फाइडला लागणारी जागा छिद्रांच्या एकूण जागेच्या मानाने थोडी असते. सारखं पसरलं तर सहज मावतं. पण ते तोंडाशी साचतं आणि आतली वाट बंद करतं. माझ्या त्या अहवालाची किंमत मोजावी लागली. तेव्हापासून तीन आठवड्यांच्या आकड्यावर मी सही केली नाही.

तुम्हाला दोन प्रश्न. कॅटॅलिस्टशिवाय नुसतं तेल तापवून एक प्रयोग केलात का? ४०० अंशांवर उष्णतेनेच बरंच काही घडतं. आणि कॅटॅलिस्ट भुकटी करून घातलात की दाणे?

पाषाणरोड

फहाहीलकाकांनी मोठा भाग सांगितला, मी पृष्ठभाग मोजणाऱ्यांपैकी, म्हणून थोडी भर.

नायट्रोजन शोषवून काढलेला ९५० हा आकडा अशा कार्बनच्या बाबतीत पृष्ठफळ म्हणून घेऊच नका. २ नॅनोमीटरच्या खालच्या छिद्रात नायट्रोजन थरांनी बसत नाही, छिद्र भरून टाकतो. तेव्हा सूत्रातून येणाऱ्या ‘पृष्ठफळा’ला नेहमीचा अर्थ राहत नाही. तुमच्या त्याच आयसोथर्मवरून (किती दाबाला किती नायट्रोजन शोषला त्या आलेखावरून) टी-प्लॉट नावाचा आलेख काढा आणि सूक्ष्म छिद्रांचा हिस्सा बाजूला करा. बाहेरचं आणि मध्यम छिद्रांचं मिळून जे उरेल ते बघा. माझा अंदाज, ॲल्युमिनापेक्षा कमी निघेल. आणि हे मोजमाप नुसत्या सपोर्टचं नको, धातू चढवल्यानंतरचं हवं. मॉलिब्डेनमचा दाणा सूक्ष्म छिद्राच्या तोंडावर बसला की मागचं सगळं बंद.

दुसरं, मॉलिब्डेनम चढवलंत कसं? अमोनियम हेप्टामॉलिब्डेटचं पाण्यातलं द्रावण असेल तर ॲल्युमिना ते आनंदाने ओढून घेतो. त्याचा पृष्ठभाग पीएच ८ ते ९ च्या खाली धनभारित असतो आणि मॉलिब्डेट ऋण. कार्बन पाण्याला जवळ करत नाही. आधी नायट्रिक आम्लाने त्याचा पृष्ठभाग थोडा ऑक्सिडाइझ करावा लागतो, म्हणजे पाणी आत शिरतं. ते केलं नसेल तर बाहेरच्या अंगावर मॉलिब्डेनमचे गोळे बसले असतील. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये ऑक्साइडची टोकं, म्हणजे त्याचे मोठे स्फटिक झाल्याची खूण, दिसली का?

आणि कोक कसा मोजलात? ॲल्युमिनावरचा जाळून मोजता येतो. कार्बनवरचा जाळायला गेलात तर सपोर्टही जळणार.

सागरगोटा

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दोनपर्यंत हिशेब करत बसले होते.

कॅटॅलिस्टशिवायचा प्रयोग केला नव्हता. आज केला. धातू १४ टक्के आणि गंधक ११ टक्के नुसत्या उष्णतेने आणि हायड्रोजनने निघाले. म्हणजे कार्बनच्या ३१ मधले १४ त्याचे नाहीतच. भुकटी करून घातली होती, १५० मायक्रॉनच्या खालची. कार्बनला नायट्रिक आम्ल दिलं नव्हतं. एक्स-रेमध्ये कार्बनवर आणि टिटानियावरसुद्धा मॉलिब्डेनम ऑक्साइडची बारीक टोकं आहेत, ॲल्युमिनावर नाहीत. कोकचा आकडा मी जाळूनच काढला होता, तो प्रबंधातून काढून टाकते.

पण टिटानियाचं कोडं राहिलंच. त्याची छिद्रं ॲल्युमिनाएवढीच रुंद. गंधकात तो पुढे, धातूंत मागे. असं का? आणि तोंडी परीक्षेत कुणी विचारलं की स्लरी पद्धतीत, जिथे कॅटॅलिस्टचे बारीक कण तेलातच मिसळतात, सपोर्टच नसतो, मग एवढा खटाटोप कशाला, तर काय सांगू?

फहाहीलचा_मराठी

कोरा प्रयोग लगेच केलात हे फार चांगलं झालं. आता तुमच्या तुलनेला पाया आला.

टिटानियाचं कोडं सोडवण्याआधी आणखी एक हिशेब. तिन्हींवर १२ टक्के मॉलिब्डेनम ऑक्साइड, हे वजनाला समान झालं. पृष्ठभागाला समान आहे का? १०० ग्रॅम कॅटॅलिस्टमध्ये सपोर्ट ८५ ग्रॅम. ॲल्युमिनावर दर चौरस नॅनोमीटरला मॉलिब्डेनमचे ३.१ अणू येतात. टिटानियावाल्यावर ४.९. कार्बनवर, ९५० खरं धरलं तर, ०.६. म्हणजे एकावर नीट एक थर, दुसऱ्यावर गर्दी होऊन ढीग, तिसऱ्यावर कागदोपत्री विरळ पण प्रत्यक्षात बाहेर गोळे. टिटानियावरची ती एक्स-रेची टोकं याच गर्दीची आहेत. टिटानियावर ७.५ टक्के ऑक्साइड घाला, २.९ अणू येतील. मग ॲल्युमिनाशी ती बरोबरीची तुलना होईल. माझा अनुभव असा की तेवढ्या कमी मॉलिब्डेनमवरही टिटानिया गंधकात मागे पडत नाही.

कारण तिथला मॉलिब्डेनम सहज सल्फाइड होतो. ॲल्युमिना मॉलिब्डेनमला ऑक्सिजनच्या दुव्याने घट्ट धरून ठेवतो, तो दुवा सल्फाइड करतानाही सगळा तुटत नाही. निकेलमधलाही काही भाग ॲल्युमिनाच्या जाळीत शिरून बसतो आणि कामातून जातो. टिटानियाची पकड वेगळी, त्याचं स्वतःचंही थोडं क्षपण होतं (तो थोडा ऑक्सिजन गमावतो) आणि मॉलिब्डेनमला इलेक्ट्रॉन पुरवतो. कार्बनची पकड तर अगदी सैल. तुम्ही वाचलं होतं ते खोटं नाही, पण ते रुंद छिद्रांच्या कार्बनसाठी खरं आहे.

धातूंत टिटानिया मागे पडला त्याचं मला दिसणारं कारण तुमच्याच आकड्यांत आहे: छिद्रांचं आकारमान ०.६२ वरून ०.३८ झालं. रुंदी सरासरीला तेवढीच दिसते, पण जागा चाळीस टक्क्यांनी गेली आणि पृष्ठफळही गेलं. टिटानियाचा थर काही छिद्रांच्या तोंडाशी साचला असेल. पाऱ्याच्या पोरोसिमीटरवर (छिद्रांत पारा दाबून त्यांची रुंदी मोजणाऱ्या यंत्रावर) छिद्रांचं वाटप, म्हणजे कोणत्या रुंदीची किती, ते बघा, सरासरीवर विसंबू नका. आणि भुकटीचा प्रयोग ठेवा, पण त्याच्या जोडीला दाण्यांचा एक करा. भुकटीत आत जाण्याची वाट आखूड असते, त्यामुळे छिद्रांचा दोष अर्धा झाकला जातो. एक मिलिमीटरचे दाणे जाळीच्या पिंजऱ्यात घालून तोच प्रयोग केलात तर दोन्हींतला फरक तुम्हाला हवं ते सांगेल.

करवंटी सोडून द्यायला सांगताना मला वाईट वाटतं. कोकणातल्या मुलीने करवंटी घेऊन या प्रश्नाला हात घातला, हे मला आवडलं. पण वाफेने कितीही वेळ ॲक्टिव्हेट केलीत तरी तिची घडण सूक्ष्म छिद्रांचीच राहते. १५-२० नॅनोमीटरची छिद्रं हवी असतील तर कार्बन ब्लॅकची भुकटी बांधणीने जोडून दाणे करा. तिथे कणांमधली फट हेच छिद्र असतं. करवंटीचा निकाल प्रबंधात ठेवाच. पृष्ठफळ पाचपट आणि काम सर्वांत कमी, हे तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात बोलकं पान होईल.

आता स्लरीचा प्रश्न, परीक्षक तो विचारणारच. त्याचं उत्तर जर्मनीपासून सुरू करा. बर्गियसने पेटंट घेतलं १९१३ साली, लॉइनाचा कारखाना १९२७ चा, आणि १९३१ चं नोबेल बर्गियस आणि बॉश यांना मिळून. तिथे पहिला टप्पा द्रवाचा होता. कोळसा किंवा डांबर आणि त्यात टाकून द्यायच्या किमतीचं लोखंडी द्रव्य मिसळलेलं. ॲल्युमिना कारखान्यातला लाल चिखलसुद्धा वापरला. राखेने आणि धातूंनी कॅटॅलिस्ट मरणारच होता, मग तो स्वस्त ठेवा आणि गाळाबरोबर बाहेर जाऊ द्या, हा त्यांचा विचार. दुसरा टप्पा वाफेचा, तिथे तेल स्वच्छ झालेलं असायचं. त्या टप्प्यात आधी नुसतं टंगस्टन सल्फाइड दाबून केलेल्या गोळ्या होत्या, क्रमांक ५०५८. मग हायड्रोफ्लोरिक आम्ल दिलेल्या मातीवर फक्त १० टक्के टंगस्टन सल्फाइड बसवलं, तो ६४३४. टंगस्टन दहाव्या हिश्श्यावर आलं, आणि पेट्रोलचा ऑक्टेन वाढला. का? माती आम्लधर्मी होती, ती स्वतः रेणू तोडत आणि वळवत होती. पण त्याच कारणाने तेलातल्या नायट्रोजनच्या संयुगांनी ती लवकर मरायची, म्हणून तिच्याआधी तेल ५०५८ वरून न्यावं लागे. हे उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी सांगायचो. सपोर्टने प्रतिक्रियेची दिशाच बदलली, हे तिथे इतकं उघड दिसतं.

आजची स्लरी त्याच घराण्यातली. इटलीत सान्नाझारोला २०१३ मध्ये सुरू झालेल्या युनिटात मॉलिब्डेनमचं सल्फाइड अतिशय बारीक कणांनी तेलातच असतं, छिद्रंच नाहीत, म्हणून तोंड बुजण्याचा प्रश्नच नाही. पण मॉलिब्डेनम महाग, ते न पकडता गाळाबरोबर सोडून देता येत नाही, फिरवत ठेवावं लागतं. सपोर्ट असला की कॅटॅलिस्ट जागेवर राहतो आणि धातू त्याच्यात जमा होतात. वापरलेल्या दाण्यांतून पुढे व्हॅनेडियम काढून विकतात, ते एका अर्थाने खनिजच झालेलं असतं. तेलातले धातू किती, यावर हे गणित फिरतं. कुवेतच्या ९० पीपीएमला स्थिर थर, म्हणजे जागेवर भरून ठेवलेला दाण्यांचा थर, परवडतो. मेक्सिकोच्या मायासारख्या क्रूडमध्ये, जिथे अख्ख्या क्रूडमध्येच ३०० पीपीएमच्या वर धातू असतात आणि अवशेषात त्याहून कितीतरी जास्त, तिथे स्थिर थर काही महिन्यांतच भरून जाईल.

डॉल्फिननोज

मी एबुलेटेड बेडवर (दाण्यांचा थर सतत उसळता ठेवणाऱ्या रिअॅक्टरवर) काम करणारा, मूळचा सोलापूरचा, सध्या विशाखापट्टणमला. या धाग्यात एक गोष्ट राहिली ती म्हणजे दाण्याचा कणखरपणा.

आमच्या प्रकारच्या रिअॅक्टरमध्ये तेल आणि हायड्रोजन खालून वर जातात आणि कॅटॅलिस्टचा थर उचलून धरतात. दाणे सतत हलतात, एकमेकांवर आणि भिंतीवर घासतात. रोज थोडा ताजा कॅटॅलिस्ट वरून घालायचा, थोडा वापरलेला काढायचा. त्यामुळे आत एक दिवसाचा दाणा आणि दोन महिन्यांचा दाणा शेजारी शेजारी असतात. फहाहीलकाका म्हणतात तशी तोंडं बुजली तरी इथे युनिट बंद करावं लागत नाही. पण दाणा झिजला तर त्याची भुकटी पंपात जाते, पुढच्या टॉवरमध्ये जाते. छिद्रं रुंद आणि भरपूर केलीत की भिंती पातळ होतात आणि दाणा ठिसूळ होतो. कागदावर सुंदर दिसणारे सपोर्ट इथेच बाद होतात. कार्बनच्या दाण्यांबद्दल माझी पहिली शंका हीच.

दुसरं म्हणजे गाळ. आमच्याकडे रूपांतर वाढवलं की तेलातून ॲस्फाल्टीन खाली बसू लागतं. हलकं तेल हायड्रोजनने जास्त संपृक्त झालं आणि ॲस्फाल्टीनच्या बाजूच्या साखळ्या तुटून नुसता गाभा राहिला, तर ते एकमेकांत मिसळून राहत नाहीत. आम्लधर्मी सपोर्ट, म्हणजे सिलिका जास्त असलेला ॲल्युमिना, साखळ्या पटापट तोडतो पण ॲस्फाल्टीनच्या गाभ्याला हायड्रोजन तेवढ्या वेगाने मिळत नाही. एलसी-मॅक्स या एबुलेटेड बेडच्याच एका पद्धतीत दोन टप्प्यांच्या मध्ये द्रावकाने डांबर वेगळं काढतात, त्यामागे ही अडचणसुद्धा आहे. सागरगोटा, तुमच्या तिन्ही प्रयोगांतलं तेल गरम असतानाच गाळून गाळ मोजा. धातू आणि गंधक यांच्या शेजारी हा तिसरा स्तंभ आलाच पाहिजे. कंट्रोल रूमच्या बोर्डावर बसणारा माणूस तो आधी बघतो.

पाषाणरोड

गाळाचा मुद्दा अगदी खरा. टिटानियावाल्याची पाऱ्याची पोरोसिमेट्री करताना नमुना आधी ३०० अंशांवर निर्वातात सुकवा, नाहीतर राहिलेलं पाणी आकडे बिघडवेल. वापरलेल्या कॅटॅलिस्टचीही करा, टोल्युइनने सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) धुतल्यावर. ताज्या आणि वापरलेल्या वाटपातला फरक म्हणजे कोक आणि धातू कोणत्या रुंदीच्या छिद्रांत बसले त्याचा नकाशा. तो काढायला मायक्रोप्रोब नसला तरी चालतो.

सागरगोटा

सगळं वहीत उतरवलं. ठरलं ते असं: टिटानियावर ७.५ टक्क्यांचा नवा कॅटॅलिस्ट करतेय, कार्बन ब्लॅकचे दाणे मागवायला सांगितले आहेत, आणि करवंटीला नायट्रिक आम्ल देऊन एकदा शेवटचं बघते. जाळीचा पिंजरा आमच्या कार्यशाळेत बनवून देणार आहेत, दादरला जाऊन स्टेनलेस जाळी घेऊन आले. गाळाचा स्तंभ तक्त्यात टाकला, अजून रिकामा आहे.

दर वेळी याच नमुन्याचं ताजं तेल घेऊन तोच कॅटॅलिस्ट धुऊन पुन्हा पुन्हा, दहा वेळा वापरला तर धातू साठत जाताना काम कसं उतरतं ते दिसेल का? दीडशेपट होणार नाही, पण ०.१५ वरून दीड टक्क्यापर्यंत तरी जाईल.

फहाहीलचा_मराठी

दिसेल. जरूर करा. फक्त दोन फेऱ्यांच्या मध्ये कॅटॅलिस्ट उघड्या हवेत सुकू देऊ नका, सल्फाइड हवेत ऑक्सिडाइझ होतं आणि तुम्हाला वाटेल धातूंनी मारलं. टोल्युइनमध्ये बुडवूनच ठेवा आणि तसाच पुढच्या तेलात घाला. प्रत्येक फेरीनंतर दोन-तीन दाणे काढून बाटलीत ठेवा, वर फेरीचा क्रमांक लिहा. दहाव्या फेरीनंतर ते सगळे एका रांगेत कापता येतील.

सागरगोटा

बाटल्या आजच लेबल लावून ठेवल्या, तीन सपोर्टच्या तीस. पोरोसिमीटरला माझा नंबर पुढच्या गुरुवारी आहे. वाटप हातात आलं की इथेच टाकते.